निळ्या खुणा

"पडदा उघडला," संस्थेचे प्रमुख डॉ. धोटे दारातूनच म्हणाले, "आणि तायडे मॅडम, पेढे मागवा. एवढं तर माझं आणि बायकोचं भाजीतल्या मिठावरही जुळत नाही."

मी खुर्चीतून उठले नाही. त्या दिवसाची वाट मी दीड वर्ष पाहिली होती, त्यामुळे उठायला हवं होतं. पण मला आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

काम असं होतं. आमच्याकडे, विदर्भात, कापसावर फवारणी सुरू झाली की गावोगावच्या आरोग्य केंद्रांत विषबाधेचे रुग्ण येऊ लागतात. फवारणारी माणसं येतात, बाया येतात, रिकाम्या डब्याशी खेळलेली पोरंही येतात. तिथल्या एकट्या डॉक्टरला हाताशी धरता येईल अशी एक पुस्तिका आमची संस्था तयार करत होती. विषावरचा उतारा कुणाला, किती आणि किती वेळाने द्यायचा, एवढंच तिच्यात असणार होतं. त्यासाठी जगभरातले शोधनिबंध आम्ही एका संगणक-प्रणालीत जमा केले होते. निबंध उघडायचा, कामाच्या वाक्यावर रंग ओढायचा आणि त्याला चिठ्ठी लावायची: वय, वजन, मात्रा, परिणाम. मग 'मात्रा' या चिठ्ठीवर बोट ठेवलं की शेकडो निबंधांतली मात्रेची वाक्यं एकाखाली एक येऊन उभी राहत.

वाचणारे दोघे होतो. माझा रंग पिवळा. निळा रंग डॉ. मनोहर उमाळेंचा. उमाळेसर माझे गुरू. औषधशास्त्र मला त्यांनी शिकवलं आणि विषबाधेवर त्यांच्याइतकं काम त्या काळी आमच्या भागात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. निवृत्तीनंतर ते घरूनच हे काम करत होते. नियम एकच आणि कडक होता. दोघांचं काम पुरं होईपर्यंत एकाच्या खुणा दुसऱ्याला दिसता कामा नयेत, आणि कामाबद्दल आपसात बोलायचंही नाही. यालाच आम्ही 'पडदा' म्हणत असू. एकाच्या नजरेतून सुटलं ते दुसऱ्याच्या नजरेने धरायचं, यासाठी तर दोन माणसं. तो नियम मोडू नये म्हणून मी दीड वर्ष सरांच्या घरी गेले नव्हते. दिवाळीला फोन केला तेव्हाही हवापाण्याचंच बोललो.

"शंभरात अठ्ठ्याण्णव जुळलं," धोटे म्हणाले. "शुक्रवारी छापखान्यात. प्रकाशनाला कोण येणार ते तुम्हाला सांगितलं की नाही?"

"सांगितलंत."

ते गेल्यावर मी निबंध उघडू लागले. पिवळ्यावर निळं आलं की प्रणाली तिथे हिरवं दाखवत असे. पानामागून पान हिरवं होतं. सरांची नजर आणि माझी नजर इतकी एक झाली, या विचाराने मला भरूनच आलं होतं.

मग तो निबंध आला. कोरियातला, मजकूर साधाच. शेवटच्या पानावर, संदर्भांच्या यादीत, एका विद्यापीठाच्या नावाच्या मधोमध एक हिरवा ठिपका होता. नाव अर्धं तोडून, पाच अक्षरांवर. मला तो ठिपका आठवत होता. निबंध संपवताना माझ्या कोपराचा धक्का माऊसला लागला होता आणि भलतीकडेच पिवळं उमटलं होतं. पुसायचं राहून गेलं होतं.

ते पिवळं होतं. ते हिरवं कसं झालं?

मी रंग वेगळे करून पाहिले. खाली निळा होता. त्याच अक्षरापासून त्याच अक्षरापर्यंत.

कुणी मुद्दाम मारलीच नव्हती अशी खूण दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या घरात, स्वतंत्रपणे, त्याच पाच अक्षरांवर मारली होती. असं होऊ शकत नाही. थोडं कमी शक्य, जास्त शक्य असा तो प्रश्नच नव्हता.

मी माझ्या आणखी चुका शोधत बसले. एका ठिकाणी वाक्याचा पूर्णविराम सोडून पुढच्या ओळीचा एक शब्द चुकून रंगला होता. निळाही तिथपर्यंतच होता. एका ठिकाणी 'वजन' ही चिठ्ठी लावायच्या ऐवजी मी 'वय' लावली होती. सरांनीही.

धोट्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते फोनवर हारांचं बोलत होते. मी त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवला आणि तीन जागा दाखवल्या. त्यांनी फोन ठेवला. बराच वेळ चष्मा वरखाली केला.

"योगायोग असेल."

"एक असता तर मीही तसं म्हणाले असते."

"तुम्हाला म्हणायचंय काय? उमाळेसरांनी तुमची कॉपी केली?"

"त्यांना माझ्या खुणा दिसत होत्या, एवढंच म्हणते आहे. कशा दिसल्या?"

धोटे खिडकीकडे पाहू लागले. मग म्हणाले, "सुरुवातीला उमाळेकाकूंचा फोन आला होता. फाइली उघडत नाहीत म्हणून. दोनतीनदा आला. मी म्हटलं, कुठे म्हाताऱ्या माणसांना पासवर्डाच्या भानगडीत पाडता, सगळी परवानगी देऊन टाका. आपल्या ऑफिसातूनच दिली."

"सगळी म्हणजे?"

"सगळी."

म्हणजे पडदा पहिल्या महिन्यापासून उघडाच होता, आणि मला एकटीला तो बंद दिसत होता.

"बरं, ऐका," धोटे खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "तुमच्या खुणा बरोबर आहेत ना? तुम्ही काही उगीच कुणी नाही. मग बिघडलं कुठे? सर आता पंचाहत्तरीला आलेत. त्यांना जाऊन काय विचारणार तुम्ही? चोरी केली का म्हणून?"

"माझी चूक असेल तर ती कुणाला दिसली असती, डॉक्टर?"

"असेल तर."

"लहान मुलांच्या मात्रेचं पान आहे त्यात."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "शुक्रवारपर्यंत काय करायचं ते करा. पण सरांना दुखवू नका. ते तुम्हाला आयुष्यभर पुरेल."

सरांचं घर धरमपेठेत, दुसऱ्या मजल्यावर. एप्रिलची दुपार होती. दार विमलकाकूंनी उघडलं आणि मला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर आनंद उमटण्याआधी काहीतरी दुसरंच उमटून गेलं.

"अगं बाई, रेवती. फोन तरी करायचा. ये, ये. काय वाळून गेली आहेस बाप्पा."

"कोण, तायडे?" आतून सरांचा आवाज आला. आवाज तोच होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "आली का एकदाची? नियम पाळून पाळून मला विसरली असशील असं मी हिला म्हणत होतो."

सर कूलरसमोर बसले होते. मी पुढे होऊन वाकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तोंड थोडं बाजूला, दाराकडे केलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्या दिशेला पाहत राहिले. पक्षी पाहतो तसं.

"बस. घाबरू नको. नजरेतलं मधलं गेलं आहे, कडेचं आहे अजून. तुझा पदर दिसतो, तू दिसत नाहीस. दोन वर्षं होतील. धोट्यांना सांगितलं नाही. काम काढून घेतलं असतं त्यांनी."

मला बसायची जागा सापडेना. मी समोरच्या दिवाणाच्या कडेला टेकले.

"मग तुम्ही वाचता कसं, सर?"

"मी कुठे वाचतो? ही वाचते. दहावीला इंग्रजी शिकवलं आहे हिने. रोज सकाळी एक निबंध. सगळ्या औषधांच्या नावांची वाट लावते, पण वाचते. मी सांगतो, इथून इथपर्यंत ओढ, ही चिठ्ठी लाव, हे टिपण लिही. आमची शाळा भरते म्हण ना." ते हसले. मग पुढे वाकले. "ते राहू दे. पडदा उघडला ना? धोट्यांचा माणूस फोनवर म्हणाला. आता बोलता येईल. सांग, किती ठिकाणी जमलं नाही आपलं?"

त्यांच्या आवाजात कमालीची उत्सुकता होती. मी म्हणाले, "बरंच जुळलं, सर."

"बरंच म्हणजे काय? त्या ब्राझीलच्या निबंधावर तू काय केलंस? मी तर तो सरळ बाद करायला सांगितला. त्यात मेलेले रुग्ण मोजलेच नाहीत त्यांनी."

ब्राझीलच्या निबंधावर निळ्या खुणा होत्या. माझ्या होत्या तितक्याच. बाद केल्याचं कुठेही नव्हतं.

"आणि मुलांची मात्रा," सर म्हणाले. "तिथे तरी भांडशील असं वाटलं होतं मला. चांगलं लांबलचक टिपण लिहवलं आहे मी. त्या परदेशी निबंधातली इंजेक्शनची कुपी आणि आपली कुपी एक नाही. तिथल्या कुपीत औषध कमी असतं. तळटीप आहे, बारीक अक्षरात. त्यांनी मुलाला दिल्या तेवढ्या कुप्या आपल्या डॉक्टरने दिल्या तर पोर विषाने नाही, उताऱ्याने जाईल. ते तू धरलं असशीलच."

मी ते धरलं नव्हतं.

मला तो तक्ता समोर दिसत होता. पुस्तिकेतलं पान, वर छोट्या मुलाचं रेखाचित्र, खाली वजनाप्रमाणे कुप्या. खेड्यातला डॉक्टर मिलिग्रॅम मोजत बसत नाही, कुप्या फोडतो, म्हणून कुप्यांतच लिहायचं असं मीच सुचवलं होतं. आकडे मी त्याच परदेशी निबंधातून उचलले होते. तळटीप माझ्या नजरेतून सुटली होती. आणि निळा रंग म्हणत होता, बरोबर आहे.

मी दाराकडे पाहिलं. काकू तिथे पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्या मला पाणी द्यायला आल्या होत्या आणि तशाच थांबल्या होत्या.

"रेवती," त्या म्हणाल्या, "जरा आत ये. पन्ह्याला साखर किती घालू ते सांग."

"तिला काय विचारतेस, ती कधीपासून पन्हं करायला लागली," सर म्हणाले.

स्वयंपाकघरात काकूंनी दार लोटून घेतलं. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"आधी सगळं ते सांगतील तसंच करायची मी. देवाशपथ. मग एकदा तुझं पिवळं दिसायला लागलं. मला वाटलं, ऑफिसनेच ठेवलं असेल, पडताळून पाहायला. मी बत्तीस वर्षं बोर्डाचे पेपर तपासले, रेवती. शेजारी नमुना उत्तरपत्रिका असतेच. आपलं उत्तर लिहायचं, नमुन्याशी लावून पाहायचं."

"मग?"

"मग त्यांचं कुठे कुठे जुळेना. ते सांगायचे एक, पिवळं दुसरीकडे." काकूंचा आवाज अगदी खाली गेला. "मागे त्या हैदराबादच्या सभेत कागद दिसेना म्हणून ते अडखळले, तेव्हा मागच्या रांगेतली पोरं हसली. मी तिथेच बसले होते. म्हटलं, आता इथेही चुका निघाल्या तर म्हणतील, उमाळेसरांचं झालं आता. म्हणून जे जुळत नव्हतं ते मी पुसून तुझ्यासारखं करायची. ते झोपले की."

"त्यांनी लिहवलेली टिपणं?"

"ती पण."

"सगळी?"

"तुझ्याकडे नव्हती ना ती."

मला दुसरं काहीही चाललं असतं. सरांनी आळस केला असता, त्यांनी फसवलं असतं, तरी मी समजू शकले असते. पण त्या माणसाने आंधळेपणात बसून जे जे मला दिसलं नव्हतं ते ते पाहिलं होतं, आणि नेमकं तेवढंच, एक एक करून, पुसलं गेलं होतं. कुठलाही दुष्टावा नव्हता. पुसणाऱ्या हाताने त्यांना रोज जेवायला वाढलं होतं.

"संदर्भांच्या यादीत एक अर्धी खूण होती, काकू. पाच अक्षरांची."

"हो. ती मला कळलीच नाही. पण तू केली म्हणजे असेल काही."

काकू रडत नव्हत्या. त्यांनी माझं मनगट धरलं. "त्यांना सांगू नकोस. तुला काय पाहिजे ते बदल, पुस्तक थांबव, माझं नाव घालून ऑफिसात सांग. पण त्यांना नको. या कामावर उठतात ते सकाळी. माझ्यावर विसंबून आहेत."

मी त्यांचा हात सोडवला नाही. म्हणाले, "ती टिपणं मला हवी आहेत, काकू. ती त्यांच्याशिवाय कुणाकडे नाहीत."

"पुसली म्हटलं ना."

"या प्रणालीत पुसलेलं जात नाही. मागे राहतं."

हे काकूंना ठाऊक नव्हतं. त्यांनी माझं मनगट सोडलं.

बाहेर येऊन मी लॅपटॉप उघडला. आधी एकमेकांच्या खुणा दिसायची परवानगी बंद केली, मग सरांच्या खात्याचा इतिहास काढला. फिकट राखाडी रंगात एकेक खूण वर आली. लावली, काढली. लावली, काढली. यादी खाली सरकत राहिली तरी संपेना. ब्राझीलचा निबंध: बाद, कारण मृत्यू मोजलेले नाहीत. काढलं. कुपीचं टिपण सकाळी लिहिलेलं होतं, दुपारी काढलेलं. इंग्रजीत होतं, पण वाक्यं सरांची होती. तसं आखूड, ठोकून बोलणं दुसऱ्या कुणाचं नाही.

"काय करून राहिली आहेस? इतकी गप्प?" सर म्हणाले.

"तुमची टिपणं वाचते आहे, सर."

"मग मोठ्याने वाच. लिहवून घेतलं की मला पुन्हा ऐकायला मिळत नाही."

मी कुपीचं टिपण वाचलं. ते ऐकताना त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर वाजत होती. संपल्यावर म्हणाले, "बरोबर आहे की नाही?"

"बरोबर आहे. माझा तक्ता चुकला आहे, सर."

"मग ते जुळलं नव्हतं. तू तर म्हणालीस, बरंच जुळलं." ते थांबले. त्यांचं तोंड बाजूला वळलेलं होतं, त्यामुळे ते कूलरशीच बोलत आहेत असं वाटत होतं. "तायडे, हे टिपण धोट्यांच्या जुळणीच्या यादीत आलं नाही का?"

"नाही, सर."

"का नाही आलं?"

मी उत्तर जुळवू लागले. तांत्रिक अडचण, फाइल, परवानगी. ती सगळी वाक्यं खरीच होती, आणि एकही खरं नव्हतं.

"मी पुसलं," काकू म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या दारात होत्या. सरांनी मान वळवली नाही.

"हे?"

"हे. आणि बाकीची. हिच्याशी जुळत नव्हती म्हणून."

कूलरमधलं पाणी टपटपत होतं. सरांनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि तळवे उलटे करून ठेवले, जणू कुणी त्यांत काही ठेवणार होतं. त्यांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर तसा कधी पाहिला नाही. राग असता तर बरं झालं असतं. एखाद्या ओळखीच्या जिन्यावर पायरी नसावी आणि पाय खाली जावा, तसा तो होता.

"इतक्या सगळ्या सकाळी," ते शेवटी म्हणाले. एवढंच.

काकू हलल्या नाहीत. "तुम्हाला हसतील म्हणून."

"तू वाचायचीस तेव्हा मी डोळे मिटून ऐकायचो, विमल. मला वाटायचं, दिसतं आहे."

मी लॅपटॉप मिटायला हात नेला.

"मिटू नको," सर म्हणाले. "यातली माझी किती शिल्लक आहेत आणि किती नाहीत, ते आता मला कळायचा मार्ग नाही. तुलाही नाही. पुसलेलं परत लावलं तरी कुठलं सकाळचं आणि कुठलं दुपारचं, ते कोण सांगणार? निळं सगळं काढून टाक. मी पुन्हा पहिल्यापासून वाचतो."

"सर, तारखा आहेत त्यावर. मी लावून..."

"तू लावशील? तू पहिली वाचक आहेस." क्षणभर ते वर्गातले सर झाले. "निदान मुलांचे निबंध आजपासून. धोट्यांना सांग, शुक्रवार विसरा. हवं तर मी बोलतो."

"मी सांगते."

"पिवळं दिसतं आहे का कुठे?"

"बंद केलं, सर. आता कुणालाच दिसणार नाही."

"विमल."

काकूंनी मान वर केली.

"बस इथे. कुपीवालाच निबंध घे. पहिल्या शब्दापासून, तळटिपांसकट."

"मी?" काकू म्हणाल्या.

"मग कोण? दुसरं कोण आहे मला?"

काकू आल्या. पदराला हात पुसून सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांना चष्मा सापडेना. तो त्यांच्या डोक्यावर होता, तो मी खाली ओढून दिला. त्यांनी शीर्षक वाचलं. औषधाचं नाव त्यांनी चुकीचंच उच्चारलं आणि सरांनी ते दुरुस्त केलं नाही.

मग सर माझ्या दिशेला, माझ्या पदराच्या दिशेला वळले.

"तू अजून इथे कशी? मी काय सांगतो ते तुला ऐकू येता कामा नये. चल, बाहेर."

मी चपला घालून बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. जिन्यात उन्हाचा झोत आला होता. मी धोट्यांना फोन लावला. पुस्तिका थांबवा, मुलांचं पान चुकलं आहे, चूक माझी आहे, असं एका दमात सांगितलं. ते पलीकडून विचारत राहिले, किती दिवस, कुणाला काय सांगायचं, पत्रिका वाटून झाल्या आहेत, मॅडम. मी ऐकत होते. दाराआडून काकूंचा आवाज येत होता, शाळेतल्यासारखा, एकेक शब्द सुटा. मध्येच तो थांबला आणि सरांचं बोलणं सुरू झालं. 'इथून' हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला.

मी फोन कानाला तसाच धरून दोन पायऱ्या खाली उतरले. अजून कळत होतं. आणखी उतरले, शब्द कळेनासे होईपर्यंत.